फाटक बंद ठेवणाऱ्याचं नाव

माझ्या लहान बहिणीले, प्रेमाले, एका फाटकानं मारलं. लोक म्हणतात हार्ट अटॅकनं गेली. दवाखान्याच्या कागदावरबी तेच लिहिलं आहे, पण मले विचाराल तं मी फाटकच सांगीन. अन् ही गोष्ट प्रेमाची नाही, तिच्या नवऱ्याची आहे. नत्थूजी पौनीकर त्याचं नाव. तोंडावर मी त्याले 'जवाईबुवा, तुम्ही' म्हणते. मी त्याची अकडसासू, बायकोची मोठी बहीण, रीत मोडता येत नाही. पण इथं सांगताना 'तो'च म्हणीन. ऐकायचं असन तं ऐका.

आम्ही कोष्ट्याची माणसं. माझ्या बापाच्या घरी दोन माग होते, त्याच्या बापाच्या घरी तीन. दोन्हीकडचे माग बसले तेव्हा त्याचा बाप म्हणाला, पोरा, शीक अन् सरकारात जा, तो माग कधी बसत नाही. पोरगा शिकला. चौऱ्याऐंशी साली राज्य सरकारच्या एका कचेरीत क्लार्क लागला. कोणत्या खात्याची कचेरी ते नाही सांगत, उगाच कोणाच्या पोटावर पाय नको. तिथंच हेडक्लार्क झाला अन् तिथूनच रिटायर झाला. हुशार होता, हे मी नाकबूल नाही करत. इस्त्रीचा शर्ट, खिशाले दोन पेन, एक निळा, एक लाल. दारू नाही, तंबाखूचा खर्रा नाही, कोणाचा फुकटचा चहा नाही. माझ्या बापानं डोळे झाकून पोरगी दिली.

खोड एकच. दिल्लीचं नाव काढलं की भडकायचा. त्यालेबी कारण होतं. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी दिल्लीहून एक पत्र आलं होतं, काहीतरी माहिती मागणारं. हा नवा, भोळा. सरळ उत्तर लिहून पाठवून दिलं. मंग मुंबईहून मेमो आला, केंद्राले परस्पर उत्तर द्यायचा अधिकार तुम्हाले कोणी दिला म्हणून. दोन वर्षं इन्क्रिमेंट बंद. तेव्हापासून त्यानं कानाले खडा लावला. केंद्राचा कागद आपल्या टेबलावर एक रात्रबी काढणार नाही, हा त्याचा नेम झाला. सीताबर्डीवरून स्वतःच्या पैशानं रबरी शिक्का बनवून आणला: 'विषय या कार्यालयाच्या अखत्यारीत येत नाही. मूळ कागद परत.' कागद आला, वरचं पान पाहिलं, दिल्लीचा दिसला, की ठक्क! साहेबाले दाखवायची गरज नाही. खाली 'साहेबांकरिता' लिहून स्वतः सही ठोकायची, तशी तिथं चालच होती. घरी येऊन प्रेमाले मोठ्या शानीत सांगे, "आज चार परत केले."

जेवायले बसला की त्याचं भाषण सुरू. "बाई, आपलं नागपूर राजधानी होतं. एका सहीनं गेली. कोणी विचारलं काय आपल्याले? अन् आता दिल्लीले वाटते, राज्य म्हणजे त्यायच्या घरचा गडी. पत्रात काय लिहितात, तं 'निर्देशित किया जाता है'! अरे, तू कोण गा मले निर्देश देणारा? राज्याले राज्याचा मान आहे की नाही?"

मी एकदा म्हटलं, "जवाईबुवा, दिल्ली मुंबईसोबत करते तेच मुंबई नागपूरसोबत करते. अन् तेच तुमची कचेरी आमच्यासोबत करते. आता आम्ही कोणाले निर्देश द्यावं जी?" प्रेमा पोळ्या करून राहिली होती. इतकी हसली की तव्यावरची पोळी करपली. त्याले नाही आवडलं. लेआऊटमधले लोक त्याले मागून 'मुख्यमंत्री' म्हणत. समोरून म्हटलं असतं तरी त्याले राग आला नसता, असं मले वाटते.

आमचं लेआऊट सक्करदऱ्याच्या पुढं, उमरेड रोडच्या बाजूनं आत आहे. कोष्टीपुऱ्यातल्या गल्ल्या सोडून आम्ही दहा-बारा घरं आधी तिथं आलो, मंग बाकीचे आले. मीबी तिथंच राहते, पिको-फॉलची मशीन टाकून. गांधीबागेतून फॉलचे गठ्ठे आणते अन् साड्या करते. लेआऊट अन् मेन रोड, या दोघायच्या मधात डिपो आहे. दिल्लीच्या कोण्या खात्याचा माल तिथं राहते. ही मोठी भिंत, वर काटेरी तार, अन् आरपार जाणारा एक सरळ रस्ता. त्या रस्त्यानं मेन रोड पाच मिनिटं. नाही तं नाल्याच्या पुलावरून फेरा मारा, चांगला पाच-सहा किलोमीटर. डिपोचं फाटक आमच्या तोंडावरच. डिपोचं काम चालू असलं की उघडं, लोक जातात-येतात, कोणी काही म्हणत नाही. शनिवार, रविवार अन् सुट्टीच्या दिवशी कुलूप. आजार काय सोमवार ते शुक्रवारच येते काय हो?

म्हणून सोळा साली आम्ही अर्ज केला. अर्ज प्रेमानंच लिहिला, घरोघरी तीच फिरली. डिपोच्या साहेबाले विनंती, की फाटक सातही दिवस उघडं ठेवा, निदान आजारी माणसासाठी तरी. नत्थूजीले म्हटलं, पहिली सही तुमची. तो म्हणाला, "सरकारी माणसाले अशा अर्जावर सही करता येत नाही. अन् दिल्लीवाल्यायपुढं हात पसरायले लाज नाही वाटत तुम्हाले?" प्रेमा 'बरं' म्हणाली अन् कागद घेऊन पुढच्या घरी गेली. अर्ज डिपोत देऊन आलो. महिना गेला, वर्ष गेलं, उत्तर नाही. आम्ही म्हटलं, दिल्लीवाले ते दिल्लीवालेच. तो तं खुशच झाला. "मी सांगितलं नव्हतं?" म्हणे.

बावीस सालच्या मे महिन्यातला शनिवार. दुपारचे साडेबारा. प्रेमा कुलरमध्ये पाणी भरून राहिली होती, बादली हातातून सुटली अन् खाली बसली. छातीवर हात, घामानं चिंब. शेजारचा ऑटो काढला. तिचं डोकं माझ्या मांडीवर, तो पाय धरून बसलेला. फाटकावर आलो तं कुलूप. आत चौकीदार होता, दुर्गेश नावाचा, ठेक्यावरचा चाळिशीचा माणूस. तो बिचारा हात जोडून म्हणाला, "साहेब, ऑर्डर नहीं है. चावी ऑफिसात, ऑफिस बंद." नत्थूजीनं आयुष्यात कधी कशावर हात उगारला नव्हता. त्या दिवशी त्यानं दोन्ही हातांनी फाटक बडवलं, बोटं सोलून निघाली. कुलूप काही तुटलं नाही. मंग नाल्याकडून फेरा. पुलावर पाण्याचा टँकर आडवा होऊन बसलेला. चाळीस मिनिटं लागली. प्रेमानं टँकरजवळच एकदा 'बाई' म्हटलं, मंग काही बोलली नाही. दवाखान्यात ती डॉक्टरीण पोरगी म्हणाली, अर्धा तास आधी आणायले पाहिजे होतं. त्या पोरीची काही चूक नाही, पण ते वाक्य माझ्या कानातून जात नाही.

तेरवी झाली, पाहुणे गेले, तेव्हा तो माझ्यापुढं येऊन बसला. डोळे कोरडे. म्हणाला, "बाई, फाटक आपोआप बंद नाही राहत. कोण्या तरी कागदावर कोणाची तरी सही असते. त्या माणसाचं नाव मी काढणार. अन् डिपोच्या भिंतीवर हातभर अक्षरात लिहिणार: याने प्रेमलताचा जीव घेतला."

मी म्हटलं, "काढा. शोधून काढा त्या मुडद्याले. चुना मी कालवून देते."

खोटं काहून बोलू? मले त्या माणसाचं वाटोळं पाहिजे होतं. त्याच्या बायकोनं वाचावं, लेकरायनं वाचावं, तो भाजी घ्यायले गेला तं लोकायनं बोट दाखवावं. मशीनवर बसली की मी हेच पाहत राहायची. साडीवर साडी व्हायची अन् माझ्या डोक्यात तो माणूस, कधी टकला, कधी मिशीवाला, दिल्लीच्या एसीत बसलेला. मी त्याले शिव्या द्यायची, सुई चालू.

मंग नत्थूजी हात धुऊन मागं लागला. आधी दुर्गेशची तक्रार केली, वर, त्याच्याही वर. ठेकेदारानं त्याले काढून टाकलं. त्याची बायको आमच्या घरी आली, पदर पसरला. नत्थूजीनं दार लावून घेतलं. मले तेव्हा बरं वाटलं होतं, हेबी सांगून टाकते.

मंग माहितीच्या अधिकाराचे अर्ज. "पेन्शनवाला माणूस आहे बाई, माझं नाव नको. तुमच्या नावानं टाकतो," म्हणाला. आमच्याकडं अशीच पद्धत, कचेरीतून रिटायर झालेला माणूस स्वतःच्या नावानं कधी अर्ज करत नाही. लिहायचा तो, सही माझी. तीन वर्षांत त्रेचाळीस अर्ज झाले. काही परत आले, काहीले गोलगोल उत्तर आलं. पण माणसाच्या अंगात जीव आला. सकाळी दाढी, इस्त्रीचा शर्ट, दोन पेन. दर शनिवारी साडेबारा वाजता फाटकापुढं जाऊन उभा राहायचा, तासभर, उन्हात. फाटक आजबी शनिवारी बंदच राहते.

गेल्या दिवाळीच्या आधी एक उत्तर आलं. डिपोनं लिहिलं होतं की तुमच्या लेआऊटचा अर्ज आम्ही राज्य सरकारच्या संबंधित कार्यालयाकडं पाठवला होता. तो खो खो हसला. "पाहिलं बाई? चोराच्या उलट्या बोंबा. आता आपल्यावर ढकलून राहिले. काही पाठवलं-बिठवलं नाही. थांबा, आता या दिल्लीवाल्यायले नागडं करतो." लगेच अपील टाकलं. पाठवलं असन तं त्या पत्राची नक्कल द्या, राज्यानं काय उत्तर दिलं त्याची नक्कल द्या, अन् खाली सही कोणाची ते दाखवा. अन् लेआऊटच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकून दिलं: प्रेमलताच्या तिसऱ्या पुण्यतिथीले फाटक बंद ठेवणाऱ्याचं नाव जाहीर होणार, सर्वांनी यावं.

पुण्यतिथीले आठ दिवस होते तेव्हा पोस्टमन आला. पाकीट माझ्या नावाचं, मीच फोडलं. वरती डिपोचं पत्र, हिंदीतलं, सोळा सालच्या ऑक्टोबरमधलं. विषय, प्रवेशद्वार क्रमांक तीन अन् जमिनीचा कुठला तरी खसरा नंबर. 'डिपोचं फाटक' असं कुठंच नाही. मी दोनदा वाचलं. राज्याच्या कार्यालयानं आतल्या रस्त्याची जबाबदारी लिहून द्यावी, मंग प्रवेशद्वार क्रमांक तीन चोवीस तास उघडं ठेवायले डिपोची काहीच हरकत नाही. हरकत नाही! दिल्लीवाल्यायनं हो म्हटलं होतं. मी मशीनवरून उठून दारात गेली, पुन्हा वाचलं. खाली ते शब्द होतेच, 'आवश्यक कार्यवाही हेतु निर्देशित किया जाता है'.

दुसऱ्या पानावर त्या पत्राच्या पाठीची झेरॉक्स. त्यावर शिक्का. तो शिक्का मी ओळखते, रिटायर झाल्यावर त्यानं घरी आणून टेबलावर ठेवलेला पाहिला आहे. शिक्क्याखाली हातानं लिहिलं होतं, 'हे कार्यालय केंद्राच्या निर्देशांस बांधील नाही.' अन् सही. पौनीकरचा 'पौ' तो असा काढते की वरच्या मात्रा पतंगाच्या शेपटीसारख्या लोंबतात. तारीख, पत्र आलं त्याच दिवशीची. एक रात्रबी काढू दिली नाही.

तळपायाची आग मस्तकाले गेली माझी. अवं माय! काखेत कळसा अन् तीन वर्षं गावाले वळसा. त्या दिवशी संध्याकाळी घरी येऊन त्यानं प्रेमालेच सांगितलं असन, आज इतके परत केले. अन् तिनं त्याले गरम पोळी वाढली असन.

अन् डिपोवाले काही धुतल्या तांदळाचे नाहीत. एक कागद परत आला की फाईल बंद. दुसरं पत्र लिहायले हात झिजत होते काय? नीट विनंती केली असती तं दिल्ली बुडाली असती काय? पण त्यायले त्यायचा मान, याले याचा मान. आई जेवू घालीना अन् बाप भीक मागू देईना, आमचं ते झालं. तरी मी डिपोवर कितीबी चिडली, सही काही बदलत नव्हती.

अंजू, प्रेमाची एकुलती एक पोरगी, उमरेडले शाळेत मास्तरीण आहे. पुण्यतिथीच्या तयारीले दोन दिवस आधी आली. तिले मी कागद दाखवले. वाचता वाचता तिचा चेहरा उतरला.

"मावशी, फाडून टाक."

"काहून?"

"बाबा मरतील."

"तुझी माय मेली ना वं."

"त्यांनी मुद्दाम नाही केलं, मावशी. वरचं पान पाहिलं असेल अन् शिक्का मारला असेल. तीन नंबरचं फाटक म्हणजे आपलंच, हे लक्षातबी नसेल आलं."

"मुद्दाम केलं असतं तं मी एखाद वेळेस समजून घेतलं असतं," मी म्हटलं. "दुश्मनी असते माणसाची. यानं वाचलंबी नाही. त्या दुर्गेशनं मुद्दाम केलं होतं काय? त्याची नोकरी खाल्ली ना आपण?"

अंजू रडली. माझे पाय धरले. दिल्लीच्या साहेबाचं कोणतंबी नाव सांगून टाक म्हणाली, कोणाले कळते? मी कागद पेटीत ठेवले अन् चावी कमरेले खोचली.

ते आठ दिवस तो रोज सकाळी माझ्या दारात. "बाई, पोस्ट आलं काय?"

"नाही जी."

आठ दिवस मी खोटं बोलली. एकदोनदा वाटलं, अंजू म्हणते तेच करावं. म्हातारा माणूस, घरात एकटा. हातानं खिचडी लावून खाते. तीन वर्षं प्रेमाच्या फोटोले हार चुकला नाही. अशानं माझं मन ढिलं होऊन राहिलं होतं. तेवढ्यात पुण्यतिथीच्या आदल्या दिवशी तो आला तो बादली अन् ब्रश घेऊन. डिपोच्या भिंतीवर त्यानं पेन्सिलनं अक्षरं आखून ठेवली होती. मले नेऊन दाखवली. ओळ पूर्ण, नावाची जागा तेवढी कोरी. "एवढी जागा पुरन काय बाई? दिल्लीवाल्यायची नावं मोठी असतात." अन् हसला. चांगला दात दाखवून हसला, लग्नघरी हसतात तसा. मी म्हटलं, "पुरन जी." अन् घरी येऊन पेटी उघडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता त्याच्या घरापुढं मांडव होता. अख्खं लेआऊट आलं होतं. फोटोले हार, समोर समई, मागं आचारी वड्याचं पीठ फेटून राहिला होता. नत्थूजी उभा राहिला. पांढरा शर्ट. म्हणाला, कागद अजून हाती आला नाही, दिल्लीवाल्यायनं दाबून ठेवला, पण मी सोडणार नाही. मी उठली. अंजूनं माझा पदर धरला. मी सोडवून घेतला.

"आला आहे कागद," मी म्हटलं. "घ्या जी. वाचा. मोठ्यानं वाचा, सगळ्यायले ऐकू गेलं पाहिजे."

त्याचा चेहरा असा उजळला, काय सांगू. खिशातून चष्मा काढला, लावला. कचेरीत वाचते तसं वाचायले लागला, जावक क्रमांक, दिनांक, विषय. विषयावर एकदा अडला. प्रवेशद्वार क्रमांक तीन. मान वळवून फाटकाकडं पाहिलं. पुढं वाचलं. हरकत नाही, इथवर आला अन् थांबला.

"हे तं... त्यायनं मान्य केलं होतं," तो म्हणाला. लोकायत कुजबुज सुरू झाली.

"दुसरं पान," मी म्हटलं.

त्यानं पान उलटलं. पाहिलं मात्र, अन् कागद धरलेला हात खाली आला. त्याले सही वाचायची गरज नव्हती. मले वाटलं आता खाली बसते. पण नाही बसला. कागद पुन्हा डोळ्यापुढं धरला. तेवढं मात्र मी त्याचं मान्य करीन.

"विषय या कार्यालयाच्या अखत्यारीत येत नाही," त्यानं वाचलं. "मूळ कागद परत. हे कार्यालय केंद्राच्या निर्देशांस बांधील नाही."

मागून कोणी तरी ओरडलं, "सही कोणाची आहे, सही?"

"नत्थूजी पौनीकर," त्यानं वाचलं. "मुख्य लिपिक. साहेबांकरिता."

आचाऱ्याचं पीठ फेटणं थांबलं. मी बोलली, "त्याले सोबत काय जोडलं आहे?"

"सोबत..." त्यानं कागद डोळ्याजवळ नेला. "सोबत, नागरिकांचा अर्ज. एकसष्ट सह्या."

"वाचा सह्या."

"बाई, मी... मी सोबतचं उघडलंच नव्हतं."

"म्हणून तं म्हणते, आज वाचा."

त्यानं तिसरं पान काढलं. "एक," म्हणाला अन् त्या ओळीवर बोट ठेवून थांबला. अंजू उठून त्याच्याजवळ गेली, कागद घ्यायले लागली, त्यानं दिला नाही. "एक. सौ. प्रेमलता नत्थूजी पौनीकर." मंग माझ्याकडं पाहून म्हणाला, "तिनं सही केली होती? मले तं सांगितलं नाही."

"तुम्हाले सांगितलं असतं तं तुम्ही जेवले नसते," मी म्हटलं. "दोन वाचा."

"दोन. कांताबाई धकाते."

कांताबाई अगदी समोर बसल्या होत्या. त्या उठल्या. त्याच्याकडं पाहिलं नाही, फोटोले हात जोडले, चपला शोधल्या, घातल्या अन् चालल्या गेल्या. हे मी कोणाले सांगून ठेवलं नव्हतं, देवाशपथ. "तीन. रुखमाबाई निखारे." रुखमाबाई गुडघे धरून उठली अन् गेली. चार, पाच, सहा. नाव वाचलं की माणूस उठे अन् जाये. कोणी शिवी दिली नाही, कोणी दगड उचलला नाही. चौदा नंबरचे म्हातारे केव्हाचेच वारले, त्यायच्या नावावर कोणी उठलं नाही, तरी तो थोडा वेळ थांबला, मंग पंधरा वाचलं. तिशीच्या पुढं त्याचा आवाज फाटायले लागला. कोणी पाणी दिलं नाही. मीबी नाही दिलं. अंजू तांब्या घेऊन उठली तं त्यानंच हातानं नको म्हटलं.

पन्नासाच्या पुढं मांडवात सतरंज्याच जास्त दिसत होत्या. आचाऱ्यानं गॅस बंद केला. साठ नंबर वाचून झाला, त्या घरची माणसं गेली. मंग तो, मी अन् अंजू.

त्यानं शेवटची ओळ पाहिली. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "बाई," म्हणाला, "तुम्ही तरी बसा."

मी म्हटलं, "वाचा जी."

"एकसष्ट. जनाबाई सोनकुसरे."

मी उठली. अंजू बापाजवळच बसून राहिली. ती तेव्हा उमरेडले राहत होती, तिची सही त्या कागदावर नव्हती.